पहिल्या ठोक्याला

दुरुस्तीला आलेल्या वस्तूला सोनकांबळे काका आधी हात लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मान जराशी तिरकी करायची आणि वस्तूभोवती एक पूर्ण फेरी मारायची. वस्तू टेबलावर असली तर टेबलाभोवती, आणि टेबल भिंतीला लागलेलं असलं तर ते पुढे ओढून मग फेरी. फेरी झाली की वस्तूकडे न बघता ती आणणाऱ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "कधीपासून?"

"काय झालं?" असं त्यांनी मला तरी कधी विचारलं नाही. "काय झालं ते मी बघतो की. तुम्ही फकस्त कधीपासून ते सांगा. वस्तू खोटं बोलत नसती. माणूस घाईत असतो." आणि खरोखरच आपल्याला ते सांगता येत नाही. तक्रार पाठ असते, सुरुवात आठवत नाही. माझ्या स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग तुटली म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या गाळ्यात गेले, तेव्हा "कधीपासून?" या प्रश्नाला मी "आत्ताच तुटली" असं ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी तुटलेला तुकडा उजेडात धरला. "अर्धी भेग जुनी हाय, बाई. गंजलीय. दिवाळीपासून तुटायलीय ही, तुम्हाला आज कळलं." वर्गात पोरांना गप्प बसवून उदरनिर्वाह करणाऱ्या बाईला असं कोणी गप्प केलं की राग यायला हवा, पण मला तो माणूस तिथल्या तिथे आवडून गेला.

काकांचा गाळा चिखलीत होता. एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला पत्रा कापणारा, समोर पिठाची गिरणी. मधल्या दहा बाय वीसच्या जागेत काका स्प्रिंगा वळायचे. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या ज्या लहान कंपन्या, त्यांना माल देणारी जी आणखी लहान वर्कशॉप, त्यांना काका माल द्यायचे. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एक नमुना, त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मुळात ते लातूर जिल्ह्यातले, उदगीरच्या बाजूचे. चोवीस वर्षं सैन्यात आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारे. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इकडे आले. बंदुका दुरुस्त केल्यावर झाडून बघाव्या लागतात, त्यात कान गेले. उजवा पूर्ण, डाव्यात थोडं उरलेलं. "कान पलटणीत जमा करून आलो," असं ते पावती फाडल्यासारखं सांगायचे.

आजूबाजूला एवढा दणदणाट, पण काकांना त्याचा काहीच त्रास नव्हता. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे डाव्या बाजूला उभं राहून हळू बोलायचं. ते ओठांवरून ओळखायचे. गिऱ्हाईक ओरडायला लागलं की ते हात वर करायचे. "ओरडू नका. ओरडणाऱ्याचं तोंड सगळ्या शब्दांना सारखंच दिसतंय." काकू गाळ्यातच बसून स्प्रिंगा मोजून पिशव्या भरायच्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या. त्या नुसते ओठ हलवून, आवाज न काढता काकांशी बोलायच्या. चार माणसं गाळ्यात असली तरी त्या दोघांचा संसार आमच्यासमोर बिनबोभाट चालू असायचा आणि कोणाला पत्ता नसायचा.

काकांची स्प्रिंग तपासायची रीत वेगळी होती. मोजायची यंत्रं होती त्यांच्याकडे, पण आधी स्प्रिंग तळहातावर उभी करायची, वरून अंगठा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दाबायची. एकदा चाकणच्या कंपनीतला एक क्वालिटी इंजिनिअर तणतणत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. पूर्ण लॉट रिजेक्ट, म्हणाला, यांच्यात जोर नाही. काकांनी त्याला स्टूल दिलं, चहा मागवला आणि त्याच्यासमोर स्प्रिंगांचं खोकं ओतलं. "दाबा." इंजिनिअर म्हणाला, काका, मशीनवर टेस्ट केलंय. "मशीननं दाबलंय. तुम्ही कुठं दाबलंय? बसा." बिचाऱ्याने पाऊण तास अंगठा लाल होईपर्यंत दाबल्या. काकाही समोर बसून दाबत होते. शेवटी काकांनी सात स्प्रिंगा बाजूला काढल्या. त्याने पाच काढल्या होत्या, आणि त्या पाचही काकांच्या सातांत होत्या. काकांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या क्षणाला सगळा लॉट परत घेतला, एका शब्दाने वाद न घालता. इंजिनिअरच म्हणायला लागला, अहो, सातच निघाल्यात, बाकीच्या द्या. "सात म्हंजे तार तापवताना माझी भट्टी त्या दिवशी चुकली. बाकीच्यांचा भरवसा मी कसा देऊ?" तो मुलगा पुढे त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवून आत डोकवायचा आणि नुसता अंगठा दाखवून जायचा.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. समोरच्या गल्लीत कोणी स्कूटरला किक मारत असलं की काका बोटं मोजायचे. तिसऱ्या किकला चालू झाली की मान नापसंतीने हलायची. "दुसऱ्या ठोक्याला कोण पण वाजतंय, बाई. पहिल्याला वाजलं पायजे." बंदुकीचं शिक्षण आयुष्याला लावलेलं. दारावर ते एकदाच टकटक करायचे. जेवताना काकूंनी वाढू का विचारलं आणि नाही म्हटलं की विषय संपला. यावर काकूंनी मला एकदा त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

"मला बघायला आल्ते. चहा झाला, आणि मलाच डायरेक विचारलं, पसंत हाय का? आता पोरगी लगेच हाव म्हणती का? मी खाली मान घालून बसले. हे उठले की! मी तोंड उघडूस्तोवर चप्पल घालून बाहेर! माझे वडील स्टँडपर्यंत पळत गेले, एस्टीतून उतरवून आणलं."

"एकदा विचारलं होतं," काका अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. मी निगडीच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी शहरातल्या मैदानी स्पर्धांना स्टार्टर म्हणून उभी राहते. शर्यतीच्या सुरुवातीला लाल कोट घालून "सेट" म्हणणारी आणि हवेत बार काढणारी ती बाई म्हणजे मी. त्यासाठी आमच्या शाळेकडे एक छोटं, खिशात मावेल एवढं रिव्हॉल्व्हर आहे. नुसता आवाज करणारं. नळी पुढून कायमची बुजवलेली, गोळीच नाही, फक्त दारूची बारीक काडतुसं. गोल चकरीत सहा घरं, घराला एक काडतूस. बावीस वर्षं मी ते वापरत आले. मी सुरुवात केली तेव्हा शहरात बाई स्टार्टर कोणी नव्हती, आणि "बाईंना आवाजाची भीती नाही ना वाटत?" असं विचारणारे पुष्कळ होते. त्यामुळे त्या रेघेच्या बाजूला उभं राहण्याचा मला अभिमान होता. आजही आहे, लपवायचं कशाला!

तर त्या वर्षी डिसेंबरच्या स्पर्धेत या रिव्हॉल्व्हरने माझी अब्रू घेतली. मुलींची शंभर मीटर. "सेट" म्हटलं, चाप ओढला, आणि नुसतं "टक्". तिसऱ्या लेनमधली भोसरीची मुलगी त्या टक्वर सुटली, बाकीच्या जागीच. परत बोलावल्या. पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी बार निघाला, तेव्हा एक मुलगी बुटाची लेस बघत होती. पालक मैदानात उतरले. दिवसभरात असं सात-आठ वेळा झालं. संध्याकाळी स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे सचिव जगदाळे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे दोन-तीन वर्षं चाललंय. मी इलेक्ट्रॉनिक हूटर मागवलाय. जानेवारीच्या निवड चाचणीत तुमचं रिव्हॉल्व्हर एकदा जरी फसलं, तरी तिथून पुढे हूटर. आणि तो चालवायला कॉलेजचे नवे सर आहेत. तुम्ही भालाफेकीकडे झेंडा घेऊन उभ्या राहा."

भालाफेकीकडे झेंडा! आणि हूटर म्हणजे हुबेहूब कंपनीचा भोंगा. आमच्याकडची निम्मी पोरं कामगारांच्या घरातली. भोंगा वाजला की धावायचं नसतं, डबा उचलून घरी जायचं असतं, हे त्यांच्या रक्तात आहे. मी हे सरांना सांगितलं, ते हसले, पण हूटरची ऑर्डर काही रद्द केली नाही. घरी येताना मला फार वाईट वाटत होतं. चाचणीला पंधरा दिवस होते. मग आठवलं, चिखलीतला तो स्प्रिंगवाला हवालदार!

दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर घेऊन गाळ्यात गेले. काका पाठीमागे हात बांधून उठले, टेबल पुढे ओढलं, फेरी मारली. मी "कधीपासून?"चं उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"कागद कुठंय?"

"कसला कागद?"

"हे कोणाचं हाय, कोण देतंय, कशासाठी देतंय, कधी परत न्यायचंय. सही, शिक्का."

"अहो काका, यात गोळीच बसत नाही. खेळण्यासारखंच आहे."

"चोवीस वर्षांत मी बिनाकागदाचं एक पण हत्यार हातात धरलं नाही. खेळण्याला पण कागद लागतोय." आणि जाऊन लेथच्या यंत्रापाशी उभे राहिले. काकूंनी ओठ न हलवता डोळ्यांनीच मला सांगितलं की इलाज नाही. मी तशीच शाळेत परत गेले, मुख्याध्यापकांकडून पत्र घेतलं, संध्याकाळी पुन्हा चिखली. काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून एका डब्यात ठेवलं, हात धुतले आणि मगच त्या रिव्हॉल्व्हरला बोट लावलं.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"वर्षभर फसतंय?"

मी विचार केला. "नाही. दिवाळीनंतरच्या स्पर्धांत जास्त. मग फेब्रुवारीपर्यंत बरं होत जातं."

त्यांनी ते वहीत लिहिलं. मग विचारलं, "फसलेली काडतुसं?" ती मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, वाजलेलीही आणि न वाजलेलीही. काकांचा चेहरा उजळला. मला वाटतं, त्यांच्या मनात माझी किंमत त्या डब्यामुळे वाढली. एका फडक्यावर ती सगळी ओळीने मांडून, भिंग लावून ते बघत बसले. मग मला शेजारी बसवलं.

"हे बघा. ह्या काडतुसाला पेटवायचा मसाला बुडाच्या कडंत असतोय, मधी नाही. घोडा कडंवर पडतो. कड मागं चकरीच्या काठावर टेकलेली पायजे, ऐरणीवर टेकल्यावाणी. मग दणका बसतोय. आता ह्याला एकच खूण हाय आणि उथळ, हे वाजलं नाही. आणि हे वाजलंय, पण ह्याला खुणा दोन. म्हंजे दुसऱ्या ठोक्याला वाजलंय." दुसऱ्या ठोक्याला म्हणताना त्यांनी तोंड कडू केलं.

शाळेत आतापर्यंत तीन निदानं झाली होती. काडतुसं जुनी आहेत, थंडीने वंगण घट्ट होतं, आणि आमच्या क्लार्कचं खास मत, बाईंच्या बोटात जोर नाही. काकांनी तिन्ही ऐकून घेतली आणि म्हणाले, "घोड्याची स्प्रिंग थकलीय. बावीस वर्षं झाली, थकणारच. नवीन करूत." दोन दिवस खपून त्यांनी इतकी सुंदर स्प्रिंग वळली की मला ती रिव्हॉल्व्हरमध्ये घालण्याऐवजी कानात घालावीशी वाटली.

शनिवारी शाळा सुटल्यावर, तेही मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने, आमच्या मैदानावर चाचणी घेतली. काकांनी खिशातून कापूस काढला, मला दिला आणि स्वतःच्याही दोन्ही कानांत कोंबला. मी विचारलं, तुम्हाला कशाला? "उरलंय ते जपायला नको?" मग त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. तुमचं हत्यार, तुम्हीच चालवा.

पहिला ठोका. टक्.

सहांतले दोन फसले. काकांना ते ऐकू आलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून चिखलीला आले. पुढचे तीन दिवस मी रोज जाऊन यायचे आणि काकू ओठांवर बोट ठेवायच्या. काका जेवत होते, काम करत होते, पण बोलत नव्हते. चौथ्या दिवशी मी गेले तर ते आपण होऊन म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. माझ्याकडं स्प्रिंग हाय म्हणून मला स्प्रिंगच दिसली. तुम्ही तर मला पहिल्याच दिवशी सांगितल्तं, दिवाळीनंतर फसतंय, फेब्रुवारीत बरं होतंय. स्प्रिंग थकली तर थकतच जाती, बरी होत नसती. मी वहीत लिहिलं आणि वाचलं नाही." मग त्यांनी नवी स्प्रिंग काढून बाजूला ठेवली आणि जुनी परत घातली. "हिचा काही दोष नव्हता," असं त्या स्प्रिंगची बाजू घेऊन म्हणाले. बारा-चौदा वर्षं ज्या धंद्यावर पोट आहे त्याच धंद्यातली चूक परक्या बाईसमोर इतक्या सरळ कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग त्यांनी इनॅमलचं पांढरं ताट घेतलं, त्यात डिझेल ओतलं, चकरी सोडवून त्यात बुडवली आणि जुन्या टूथब्रशने घरांचे काठ घासायला लागले. थोड्या वेळाने डिझेल लाल व्हायला लागलं.

"गंज," मी म्हटलं.

काकांनी तो लाल गाळ चिमटीत घेऊन चोळला. "गंज खरखरतोय. हे मऊ हाय." काकू पिशव्या सोडून उठल्या, ताटात वाकून बघितलं आणि ओठ हलवायचं विसरून मोठ्याने म्हणाल्या, "अवो, हे तर कुंकू हाय!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, दसऱ्याला ह्याला काय करता?"

खंडेनवमीला शाळेत आम्ही खेळाच्या सगळ्या सामानाची पूजा करतो. लेझीम, डंबेल्स, गोळा, भाला, आणि पाटाच्या मधोमध मानाचं रिव्हॉल्व्हर. पूर्वी ही पूजा आमचे शिपाई बाबूमामा करायचे. मुठीवर एक टिकली लावली की संपलं. ते निवृत्त झाल्यापासून मी करते. आणि मी कुठलंच काम अर्धवट करत नाही, ही माझी शाळेत ख्याती आहे! तेलात कालवलेलं कुंकू, थोडी हळद, आणि चकरी उघडून मागच्या बाजूने सहाही घरांना एकेक बोट. कोणत्याच घरावर अन्याय नको. दुसऱ्या दिवशी मी ते फडक्याने पुसायचे, म्हणजे खरं तर काठात आणखी दाबून बसवायचे. काडतुसाची कड त्या थरावर बसायची, ऐरणीवर टेकायचीच नाही. पहिला ठोका तिला आत ढकलण्यात जायचा, चकरी फिरून तेच घर परत आलं की दुसऱ्याला बार निघायचा. आणि वाजून वाजून फेब्रुवारीपर्यंत थर झिजला की रिव्हॉल्व्हर आपोआप बरं. कधीपासून? बाबूमामा निवृत्त झाले तेव्हापासून! भोसरीच्या ज्या मुलीची शर्यत मी दोनदा थांबवली, तिला मी थंडीचं कारण सांगितलं होतं.

हे सगळं मी हळू हळू, ओठ दिसतील अशा बेताने सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस मला झापणार. काकांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. काकू तर पिशव्यांवरच बसल्या. मग मीही जी सुटले, ती समोरचा गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला तरी थांबलेच नाही. हसणं ओसरल्यावर काकांनी वही ओढली, तारीख घातली आणि नेहमीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: "कारण: भक्ती. उपाय: डिझेल."

जगदाळे सरांना दाखवायच्या कागदावर मात्र त्यांनी "घरांच्या काठाला चिकट थर होता, साफ केला" एवढंच लिहिलं. मी आभार मानले तर म्हणाले, कारखान्यातली गोष्ट कारखान्यात.

मी विचारलं, "तुम्ही नाही करत काका हत्यारांची पूजा?"

"आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमचा विहारात कार्यक्रम असतोय, पांढरे कपडे घालून दोघं जातो, गाळा बंद. पण आदल्या दिवशी मी सगळी हत्यारं पुसून ठेवतो. तुम्ही लावता, मी पुसतो. जीव तर दोघांचा हाय की हत्यारावर." आणि दोन दिवसांनी रिव्हॉल्व्हर परत न्यायला गेले, तर शेजारी ॲल्युमिनियमची आणखी एक चकरी ठेवलेली. हुबेहूब तशीच, सहा घरांची, लेथवर कातलेली. "ही पूजेची. हिला सहाही घरांना लावा, पायजे तेवढं लावा. ती कामाची, तिला हात लावू नका."

निवड चाचणीच्या दिवशी काका-काकू दोघं निगडी प्राधिकरणातल्या मैदानावर सकाळी सातला हजर. काका कडक इस्त्रीच्या शर्टात. मी त्यांना माझ्याजवळ सावलीत खुर्ची दिली, ती न घेता ते शंभर मीटर पलीकडे, शेवटच्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले. वेळ घेणारे पंच तिथेच असतात आणि ते आवाजावर नाही, धुरावर घड्याळ सुरू करतात, कारण धूर आधी दिसतो. "माझी जागा तीच," म्हणाले. डाव्या खिशात मूठभर स्प्रिंगा घेऊन आले होते. धूर दिसला की एक स्प्रिंग डाव्या खिशातून उजव्या खिशात. टक् झालं तर ती जमिनीवर टाकायची, असं काकूंनी मला सांगून ठेवलं.

पहिल्या शर्यतीआधी मी सहाही घरं दोनदा तपासली, खोटं कशाला सांगू. माझ्या मागच्या टेबलावर हूटर खोक्यातून बाहेर काढून ठेवलेला, शेजारी कॉलेजचे नवे सर. "सेट." ठो! लांबवर काकांचा हात खिशाकडे गेला. मग दुसरी, मग तिसरी. दुपारपर्यंत मी रिव्हॉल्व्हरकडे बघायचं सोडून दिलं आणि काकांच्या हाताकडे बघायला लागले. भोसरीची ती मुलगी बाराच्या उन्हात धावली, स्वच्छ सुटली आणि निवडली गेली. दिवस संपला तेव्हा काकांच्या पायाशी जमिनीवर एकही स्प्रिंग नव्हती. जगदाळे सरांनी स्वतः हूटरचं खोकं बंद केलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची जागा तुमची. हा आपण तुमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीला वापरू."

आमच्याकडे चाचणीच्या शेवटी पंचांची आणि पालकांची एक गमतीची शर्यत असते, पन्नास मीटरची. मी शेवटच्या रेघेपाशी गेले आणि काकांना म्हटलं, "काका, हा बार तुम्ही काढायचा." त्यांनी लगेच हात मागे बांधले.

"कागद कुठंय?"

मी लाल कोटाच्या खिशातून कागद काढला. आदल्याच दिवशी जगदाळे सरांकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवला होता: एका शर्यतीपुरते मानद स्टार्टर, हवालदार सोनकांबळे. काकांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, घडी घातली, वरच्या खिशात ठेवली. मग कापूस काढून दोन्ही कानांत कोंबला.

त्या उन्हाळ्यात काकांनी गाळा विकला आणि दोघं उदगीरला लेकीकडे राहायला गेली. आता फोनवर काकू बोलतात आणि काका मागून सूचना देत असतात. पण मला ते अजून दिसतात ते त्या दिवशीचेच, त्या रेघेच्या बाजूला. लाल कोट त्यांना आखूड होत होता. रेघेवर जगदाळे सर पॅन्ट दुमडून वाकलेले, चार-पाच पालक आणि सगळ्यात कडेला पदर खोचून, चपला हातात घेतलेल्या काकू. काकांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, खणखणीत आवाजात "सेट" म्हटलं, हात सरळ वर नेला आणि डोळे मिटले, तळहातावर स्प्रिंग दाबताना मिटायचे तसे.

ठो!

सगळे सुटले. काकू जगदाळे सरांच्या पुढे, मैदान ओरडतंय, आणि काका अजून तसेच, हात वर, डोळे मिटलेले, डोक्यावर धुराचा एक छोटासा ढग. मग त्यांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "वाजलं का, बाई?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि हळू, ओठ नीट दिसतील असं म्हटलं, "पहिल्या ठोक्याला, काका."